थेरपीसाठी शाळा बंद करू नका, पण खुब्याचा एक्सरे मात्र आधी काढा

ताई, तुमच्या एका प्रश्नात पाच प्रश्न आहेत. मला समजलं ते असं की मुलगा साडेपाच वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे लहान वयात मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), त्यातला स्पॅस्टिक डायप्लेजिया, म्हणजे हात बऱ्यापैकी चांगले आणि दोन्ही पाय ताठ. घरात वॉकर धरून चालतो, शाळेत अंतर वाढलं की दमून बसतो. रोज तासभर पाय ताणायचा व्यायाम होतो आणि तो तासभर रडतो. शाळेतल्या बाईंनी व्हीलचेअर सुचवली तर घरच्यांना भीती, एकदा खुर्चीत बसला की चालणं सुटलं. आजी-आजोबा म्हणतात वर्षभर शाळा बंद करा आणि दिवसभर थेरपीच करा. आणि तुम्हाला खरं जे विचारायचंय ते सगळ्यात शेवटी लिहिलंय, आधाराशिवाय चालेल का.

मी लहान मुलांचीच फिजिओथेरपी करते, बरीच वर्षं झाली. मूल समोर नसताना जेवढं सांगता येतं तेवढं सांगते.

सुरुवात मात्र तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करते. तुमच्या सगळ्या लिहिण्यात खुब्याच्या एक्सरेचा उल्लेख कुठेच नाही. सीपीमध्ये जन्मतः खुबा बहुतेक वेळा नीटच असतो, पण ताठ स्नायू वर्षानुवर्षं ओढत राहतात, मूल उशिरा आणि कमी उभं राहतं, मग मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर सरकायला लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मुलांचा अभ्यास २००६ साली आला, त्यात सगळ्या सीपी मुलांमध्ये मिळून साधारण ३५ टक्के मुलांचा खुबा सरकलेला होता. पण सगळ्यांना धोका सारखा नव्हता, सीपी किती हलकी किंवा गंभीर त्याच्या पाच लेव्हल असतात (त्या खाली सांगते), त्यात सगळ्यात हलक्या लेव्हलला जवळपास शून्य, तुमच्या मुलाच्या वर्णनावरून जी लेव्हल वाटते तिथे ४० टक्क्यांच्या आसपास, आणि सगळ्यात गंभीर लेव्हलला ९० टक्के. आणि सुरुवातीला दुखत नाही हो, हाच घोळ आहे. मूल तक्रार करत नाही, चालण्यात फरक दिसत नाही आणि लक्षात येईपर्यंत मोठ्या ऑपरेशनची वेळ आलेली असते. एक्सरेवर गोळ्याचा किती टक्के भाग खोबणीच्या बाहेर आहे ते मोजतात, ३० टक्क्यांच्या पुढे गेला की हाडांच्या डॉक्टरांनी बघायलाच पाहिजे. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून सगळ्या सीपी मुलांचे खुबे ठरावीक काळाने तपासायला लागले आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं जवळजवळ थांबलंच. तेव्हा आधी एक्सरे, मग पुढे किती महिन्यांनी परत काढायचा ते डॉक्टर ठरवतील, साधारण सहा महिने ते वर्ष. कपडे बदलताना मांड्या फाकवणं अवघड व्हायला लागलं, एक पाय आखूड दिसला किंवा बसल्यावर एका बाजूला कलायला लागला तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

आता लेव्हल म्हणजे काय ते. रिपोर्टवर जीएमएफसीएस असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि पुढे १ ते ५ मधला आकडा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पालिसानो, पीटर रोझेनबाम वगैरे मंडळींनी १९९७ मध्ये ही पद्धत मांडली. लेव्हल १ म्हणजे आधाराशिवाय चालतो, पळतोही, वेग आणि तोल थोडा कमी. २ म्हणजे बहुतेक ठिकाणी आधाराशिवाय चालतो पण जिन्याला कठडा लागतो, खडबडीत जमिनीवर किंवा लांब अंतरावर अडचण. ३ म्हणजे हातात वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतो आणि लांबच्या अंतराला चाकं लागतात. ४ ला स्वतःहून फिरायला बहुतेक वेळा चाकांचीच मदत, ५ ला डोकं आणि धड सावरायलाही आधार लागतो. इथे एक गोष्ट बरेच पालक आणि खरं सांगायचं तर काही थेरपिस्टसुद्धा चुकीची धरतात, ही लेव्हल मूल थेरपीच्या खोलीत सगळ्यात चांगलं काय करून दाखवतं त्यावर ठरत नाही, घरी शाळेत बाहेर रोज काय करतं त्यावर ठरते. खोलीत चार पावलं मोकळी टाकली म्हणून लेव्हल २ होत नाही.

मग चालेल का. तुमच्या मुलाची लेव्हल खरोखर ३ असेल तर आधाराशिवाय रोजचं चालणं होण्याची शक्यता कमी आहे. हे स्पष्टच लिहिते कारण गोल गोल बोलून पालकांची वर्षं जातात. ओंटारिओतल्या साडेसहाशेहून जास्त मुलांवरचा अभ्यास २००२ साली छापून आला, त्यात असं दिसलं की बसणं, उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचालींची क्षमता जी काही होणार असते तिच्या ९० टक्क्यांपर्यंत मुलं साधारण पाच वर्षांच्या आतच पोचतात, गंभीर लेव्हलची मुलं तर तीनच्याही आधी. याचा अर्थ पाचनंतर शिकणं संपलं असा अजिबात नाही. वॉकर स्वतः वळवणं, पायरी चढणं, टॉयलेटवर स्वतः बसणं-उठणं, पडल्यावर जमिनीवरून उठणं, खुर्ची चालवणं, पोहणं, तीनचाकी चालवणं हे सगळं पुढे येतच राहतं, दहाव्या वर्षी पण येतं आणि पंधराव्या पण. फक्त "लेव्हल बदलायची" हे ध्येय धरून अख्खं घर पळत असेल तर ती पळापळ कुठेच पोचत नाही. आणि हो, लेव्हल नीट ठरली आहे का हे आधी विचारून घ्या, २ आणि ३ मध्ये लहान वयात गल्लत होते.

स्ट्रेचिंगबद्दल. रोज तासभर रडवून पाय ताणणं बंद करा. मी हे हलक्यात घेऊन सांगत नाहीये. हाताने काही मिनिटं ताणून स्नायू कायमचा लांब होतो असं आम्हाला सगळ्यांनाच कॉलेजात शिकवलं होतं, पण नंतर कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र करून बघितले, २०१० मध्ये आणि परत २०१७ मध्ये, तेव्हा आखडलेल्या सांध्यांवर अशा स्ट्रेचिंगचा दखल घेण्याजोगा फायदा दिसला नाही. कारण साधं आहे, सीपीमध्ये हाडं वाढतात आणि स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, शिवाय स्नायूची आतली रचनाच वेगळी झालेली असते. दिवसातले पंधरा मिनिटं ताणलं आणि उरलेला दिवसभर गुडघा वाकवून, टाच वर उचलून बसलं तर जिंकणार कोण? म्हणून जे काही लांबी टिकवतं ते तासन्‌तास चालणारं असतं. घोट्याला नीट बसणारा स्प्लिंट, ज्याला एएफओ म्हणतात तो. टाच फारच वर गेली असेल तर काही आठवडे लागोपाठ बदलत जाणारं प्लॅस्टर. डॉक्टरांना योग्य वाटलं तर पोटरीत बोट्युलिनमचं, म्हणजे ताठ स्नायू काही काळ सैल करणारं इंजेक्शन, त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि नुसतं इंजेक्शन देऊन सोडून दिलं तर उपयोग नाही, त्या तीन महिन्यांत काम करून घ्यायचं असतं. कपडे घालताना, अंघोळीच्या वेळी सांधे सगळ्या बाजूंनी हलवणं चालू ठेवा, ते चांगलंच आहे, पण त्यासाठी रडारड व्हायचं कारण नाही. रडणारं मूल अंग अजून ताठ करतं, म्हणजे तुम्ही ताणताय आणि तो उलटा ओढतोय. आणि तो नुसता हट्ट करतोय असं गृहीत धरू नका, सीपीच्या मुलांमध्ये दुखणं खूप कॉमन आहे आणि ते विचारलं जात नाही. नेमकं कुठे दुखतं, एकाच बाजूला दुखतं का, ते बघा आणि डॉक्टरांना सांगा.

मग करायचं काय त्या वेळात. एक काम निवडायचं. एकच, आणि ते मुलाच्या दिवसातलं असलं पाहिजे, आमच्या पुस्तकातलं नाही. "पायाची ताकद वाढवणं" हे काम नाही. "शाळेच्या टॉयलेटमध्ये कठडा धरून स्वतः बसणं आणि उठणं" हे काम आहे. "मधल्या सुट्टीत मित्र खेळतात तिथपर्यंत वॉकरने स्वतः जाणं" हे काम आहे. त्यालाच विचारा, साडेपाच वर्षांचं मूल व्यवस्थित सांगतं, फक्त उत्तर आपल्याला अपेक्षित असतं ते नसतं, त्याला कदाचित बॉल लाथाडायचा असेल. चालेल की. बॉल लाथाडायला एका पायावर वजन घ्यावं लागतं, आणि आम्हाला तरी दुसरं काय हवं असतं.

निवडलेलं काम जसंच्या तसं करायचं, त्याच ठिकाणी, मुलाने स्वतः, चुकत चुकत. सगळ्यात अवघड भाग आपला, हात मागे ठेवणं. पडू नये म्हणून जवळ उभं राहायचं पण हालचाल त्याची त्यानेच सुरू केली पाहिजे. थेरपिस्ट पाय धरून हलवतोय आणि मूल छताकडे बघत पडलंय, यातून मेंदू काही शिकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपीतले सगळे उपचार पुराव्यानुसार सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे लावले (हिरवा म्हणजे करा, लाल म्हणजे करू नका), २०१३ मध्ये आणि मग २०२० मध्ये नव्याने, तिथे हिरव्यात मुलाने स्वतः केलेला, ध्येय ठरवून केलेला सराव आहे. मुलाने गप्प पडून राहायचं आणि दुसऱ्याने हलवायचं असले प्रकार खाली गेलेत, भले ते कितीही नावाजलेले असोत.

किती करायचं? हाताच्या कामांवरच्या अभ्यासांतून असा अंदाज निघाला की एखादं ठरावीक काम जमायला एकूण १४ ते २५ तासांचा सराव लागतो. पायाच्या कामांना मी साधारण तोच हिशोब धरते. म्हणजे रोज पंधरा-वीस मिनिटं म्हटलं तर दोन-तीन महिने, आणि यात घरचा, शाळेतला, सगळाच सराव धरलाय. यासाठी शाळा कशाला बंद करायची? उलट वॉकर वळवायला, बेंचवरून उठायला, गर्दीतून वाट काढायला जी कारणं शाळेत मिळतात ती घरात कुठून आणणार. वर्षभर घरी बसवला तर थेरपी थोडी वाढेल आणि बोलणं, अभ्यास, मैत्री, भांडण, सगळं मागे पडेल. आजी-आजोबांच्या म्हणण्यामागे प्रेमच आहे, त्यांना दुसरं काम द्या, संध्याकाळी खुर्चीतून उठ-बसचा खेळ त्यांच्याकडे सोपवा. तसंही आईने थेरपिस्ट व्हावं अशी माझी इच्छा कधीच नसते, दिवसातला काही वेळ तुम्ही नुसती आई असणं त्याच्या आणि तुमच्याही तब्येतीला बरं.

ताकदीचं सांगायचं राहिलं. जुन्या काळी अशी समजूत होती की ताठ स्नायूंना ताकदीचा व्यायाम दिला तर ते अजून ताठ होतील. तसं होत नाही, हे स्नायू ताठ असतात आणि कमजोरही असतात, दोन्ही एकाच वेळी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, खुर्चीतून उभं राहणं, पायरीवर चढणं-उतरणं, जमलं की दप्तरात थोडं वजन घालून तेच. आठ-दहा वेळा केल्यावर दमला पाहिजे, नाही दमला तर सोपं होतंय. खुर्चीची उंची कमी करत गेलात की आपोआप अवघड होतं.

आता व्हीलचेअर. बाईंचं बरोबर आहे. लेव्हल ३ ची व्याख्याच अशी आहे की जवळचं चालून आणि लांबचं चाकांवर. अशा मुलांना चालायला बरोबरीच्या मुलांच्या दोन-तीन पट ऊर्जा लागते, म्हणजे वर्गात पोचेपर्यंत तो थकलेला असतो आणि मग फळ्याकडे लक्ष नाही म्हणून बोलणी खातो. तुम्ही स्वतः दोन मजले चढून जाऊन लगेच गणित सोडवायला बसा बघू. खुर्चीमुळे चालणं सुटतं असं मी पाहिलेलं नाही, चालणं सुटतं ते दुखण्यामुळे, वजन वाढल्यामुळे, उंची झपाट्याने वाढल्यामुळे, किंवा चालायला काही कारणच न उरल्यामुळे. वर्गात, घरात वॉकर आणि मैदानापर्यंत, सहलीला, गर्दीत खुर्ची, असं वाटून द्या. फक्त खुर्ची घेताना त्याच्या मापाची घ्या. "वाढतं अंग आहे, मोठी घेऊ" हा कपड्यांचा नियम इथे लावू नका. रुंद खुर्चीत तो एका कुशीवर कलून बसेल आणि चाकांपर्यंत हातही पोचणार नाहीत. बसल्यावर पार्श्वभाग अगदी मागे टेकलेला, मांड्यांना पूर्ण आधार, पाय फूटरेस्टवर सपाट. आणि हलकी, त्याने स्वतः ढकलायची, मागून दुसऱ्याने ढकलायची नव्हे. मित्राने ढकललं तर खेळ म्हणून ठीक, पण कुठे जायचं ते त्याने ठरवायला हवं.

वॉकर कुठला आहे ते लिहिलं नाहीत. पुढे ढकलायचा असेल आणि तो त्यावर ओणवा होऊन चालत असेल तर मागे असणारा वॉकर, म्हणजे जो मूल आपल्या मागून ओढत नेतं, तो एकदा वापरून बघायला सांगा. बऱ्याच मुलांची पाठ त्यात जास्त सरळ राहते. सगळ्यांना जमत नाही, म्हणून आधी ट्रायल.

शाळेला सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बाकावर बसल्यावर पाय लटकता कामा नयेत, पायाखाली ठोकळा द्या, हाताचं अक्षरसुद्धा त्याने सुधारतं. टॉयलेटमध्ये धरायला कठडा. तास संपायच्या दोन मिनिटं आधी त्याला निघू द्यायचं म्हणजे धक्काबुक्की होत नाही. आणि पीटीच्या तासाला त्याला स्कोअर लिहायला बसवायचं नाही, ही माझी कायमची कटकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंगत्व असलेल्या ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीही दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगितलीय, बाकीच्या मुलांना सांगितली तेवढीच. खेळाचे नियम थोडे बदलले की तो खेळतो.

स्प्लिंट असेल तर काढल्यावर कातडी बघा. लाल खुणा २०-३० मिनिटांत गेल्या तर ठीक, नाही गेल्या तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या, "सवय होईल" म्हणून घालत राहू नका. टाच आत पूर्ण बसली पाहिजे, टाच वर तरंगत असेल तर त्या स्प्लिंटचा काही फायदा नाही. आतून शिवण नसलेले मोजे, आणि बूट स्प्लिंटसकट मापाचा. मुलं वाढतात, काही महिन्यांतच स्प्लिंट लहान होतो, तेव्हा बोटं पुढे येतायत का बघत राहा.

ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी सांगेलच म्हणून. पाठीच्या मज्जातंतूंच्या मुळांवर करतात त्या ऑपरेशनने, एसडीआर म्हणतात त्याला, पायांचा ताठरपणा कमी होतो आणि साधारण या वयातल्या डायप्लेजियाच्या निवडक मुलांसाठी त्याचा विचार होतो. निवडक हा शब्द महत्त्वाचा. ताठरपणाच्या आडोशाला किती ताकद आहे ते आधी तपासतात, कारण काही मुलं त्या ताठरपणावरच उभी असतात. नंतर महिनोन्‌महिने व्यायाम लागतो. दोन वेगवेगळ्या टीमचं मत घ्या आणि घाई करू नका. ऑक्सिजन चेंबरमध्ये बसवून सीपी बरा करतो म्हणणारे भेटतील, त्यावर कॅनडात मोठी चाचणी झाली होती, २००१ मध्ये निकाल आला, शुद्ध ऑक्सिजन दिलेली मुलं आणि किंचित दाबाची साधी हवा दिलेली मुलं सारखीच सुधारली. स्टेम सेलचे महागडे पॅकेज विकणाऱ्यांपासूनही लांबच राहा.

इतर पालक हे वाचून आपल्या मुलाला जसंच्या तसं लावतील याची मला भीती वाटते, म्हणून एवढं सांगते की वरचं सगळं सीपीसाठी आहे. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा आजार असेल तर दमेपर्यंत ताकदीचा व्यायाम, विशेषतः जिने उतरण्यासारखा, स्नायूंचं नुकसान करतो. स्पायना बिफिडामध्ये, म्हणजे पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेल्या मुलांमध्ये, पायाला संवेदना कमी असते, तिथे स्प्लिंटची जखम मुलाला कळतच नाही. हाडं ठिसूळ असतील तर पाय धरून उचलणंसुद्धा जपून. आणि कुठल्याही मुलाला आधी येत असलेली हालचाल जायला लागली, म्हणजे जिना चढायचा आणि आता चढत नाही, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात रोवून उठतो, तर फिजिओकडे नंतर, आधी डॉक्टरकडे.

पुढचं एक सांगून ठेवते. बाराव्या-चौदाव्या वर्षी उंची भराभर वाढेल, हाडं पुढे पळतील आणि स्नायू मागे राहतील, वजन वाढेल, गुडघे वाकवून चालणं वाढू शकतं. लेव्हल ३ ते ५ च्या मुलांची क्षमता त्या वयात थोडी घसरताना दिसते. तेव्हा घरचे म्हणतात, एवढी वर्षं केलं ते वाया गेलं. वाया गेलेलं नसतं, शरीराचं गणित बदललेलं असतं. तेव्हा परत खुबे, पाठीचा कणा, गुडघे तपासायचे आणि ध्येयं नव्याने ठरवायची. त्या वयात तो व्यायामाला नाही म्हणेल. म्हणू दे. मॅटवरचा व्यायाम सोडून पोहणं, जिम, व्हीलचेअरवरचा बास्केटबॉल यातलं काही निवडू दे आणि डॉक्टरशी बोलताना उत्तरं तुम्ही देऊ नका, त्यालाच देऊ द्या. मोठ्यांच्या विभागात गेल्यावर तिथे त्याला स्वतःचं स्वतः सांगावं लागणार आहे, आणि ती सवय एका दिवसात लागत नाही.

आत्ता लगेच काय करायचं तर खुब्याचा एक्सरे काढा आणि लेव्हल लेखी मागून घ्या. थेरपिस्टला विचारा की पुढच्या तीन महिन्यांचं एक काम कुठलं आणि ते जमलं की नाही हे आपण कशावरून ओळखायचं. याचं उत्तर "बघू, हळूहळू सुधारेल" असं आलं तर थेरपिस्ट बदलायचा विचार करायला हरकत नाही. मोबाईलवर आज त्याचा खुर्चीतून उठतानाचा एक छोटा व्हिडिओ घ्या, बाजूने, पूर्ण अंग दिसेल असा, आणि तीन महिन्यांनी त्याच जागेवरून तोच परत घ्या. एक्सरेचा रिपोर्ट आला की टक्केवारीचा आकडा कळवा, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा.